सॅड म्हणजे दुःखी

एकतीस वर्षं मी मुलींना खोटं शिकवलं आणि वर त्याचा अभिमानही बाळगला.

पद्धत ठरलेली होती. फळ्यावर डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी शब्द. सॅड बरोबर दुःखी. अनहॅपी बरोबर दुःखी. मिझरेबल बरोबर अत्यंत दुःखी. ग्लूमीला खिन्न, डिजेक्टेडला उदास. एखादी चौकस मुलगी उभी राहून विचारायची, "बाई, सगळ्यांचा अर्थ एकच असेल तर इंग्रजांनी इतके शब्द कशाला केले?" मी म्हणायची, "निबंधात तोच शब्द चारदा येऊ नये म्हणून. बस खाली." वर्ग हसायचा, ती खाली बसायची आणि माझा तास वेळेवर संपायचा. तो प्रश्न बरोबर होता, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

मी निवृत्त झाले त्याआधी तीन वर्षं आमचे हे निवृत्त झाले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात भांडार विभागात त्यांनी उभा जन्म काढला. शेवटी हेडक्लार्क होते. तिथल्याच क्वार्टर्समध्ये आमचा संसार झाला. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा धायरीतला फ्लॅट मी पसंत केला. हवा चांगली, पाणी चोवीस तास, मुलाचं घर सिंहगड रस्त्यावरच. यांनी फ्लॅट पाहिला, खिडकीतून खाली पाहिलं आणि म्हणाले, "बरा आहे." मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

धायरीत आल्यापासून हा माणूस हळूहळू गप्प होत गेला. आधीही ते फार बोलके होते असं नाही. पण खडकीत संध्याकाळी ओट्यावर चार जण जमायचे, त्यात यांचा आवाज ऐकू यायचा. इथे ते सकाळी उठून हॉलमधल्या खुर्चीत बसायचे ते जेवायलाच उठायचे. पेपर मांडीवर, पान तेच. काय झालं विचारलं तर दोन शब्दांत उत्तर, "कंटाळा आलाय." आता मला सांगा, घर नीटनेटकं, प्रकृती ठणठणीत, मुलगा विचारपूस करतोय, आणि यांना कंटाळा! मी चिडायची. फिरायला जा, वाचनालय लावा, निदान भाजी तरी आणा, असं माझं दिवसभर चालायचं. सांगायला काही कमी पडू दिलं नाही मी. पण मनातून घाबरले होते, हे खरं. डोळ्यांसमोर बसलेला माणूस दिवसेंदिवस लांब चाललाय आणि त्याला नेमकं काय होतंय तेच मला कळत नव्हतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणायचे, "काय सांगू त्यांना? कंटाळ्यावर गोळी द्या म्हणून?"

अशात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता मानसोपचारतज्ज्ञ झाली होती आणि शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात काम करत होती. साठीच्या पुढच्या लोकांना नैराश्य आहे का, हे तपासायला त्यांच्याकडे एक इंग्रजी प्रश्नावली होती. बावीस प्रश्न, प्रत्येकापुढे चार चौकटी: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, रोज. ती मराठीत हवी होती. "बाई, तुमच्याशिवाय कोण करणार?" असं ती म्हणाली आणि मी विरघळले. स्तुतीला मी लगेच बळी पडते.

स्वारगेटला बस बदलून मी तिच्याकडे गेले. कागद पाहिले आणि म्हटलं, दोन तासांचं काम आहे. पंधरा दिवस लागले.

पहिल्याच प्रश्नाला घोडं अडलं. तिथे सॅड होतं, चौथ्यात अनहॅपी, सातव्यात मिझरेबल आणि अकराव्यात डाउन. माझ्या फळ्याप्रमाणे चारही ठिकाणी 'दुःखी'. मी तिला फोन लावला आणि म्हटलं, तुझ्या प्रश्नावलीत एकच प्रश्न चारदा आलाय. ती हसली. म्हणाली, "नाही बाई, चारही वेगळे आहेत. सॅड माणसाला बहुतेक वेळा कारण सांगता येतं आणि ते ओसरतं. अनहॅपी म्हणजे रडतच असायला हवं असं नाही. नोकरीत अनहॅपी, लग्नात अनहॅपी, म्हणजे जे आहे ते पटत नाहीये, आणि तसा माणूस वर्षानुवर्षं हसतखेळत राहू शकतो. मिझरेबलमध्ये हाल आले, अंगाला जाणवणारे. आणि डाउनला कारण लागतच नाही."

"मग हे शाळेत का नाही विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारलं होतं. तुम्ही 'बस खाली' म्हणालात."

मी फोन ठेवला. आपल्या भाषेत शब्द नाहीत असं मुळीच नाही, उलट ढीगभर आहेत. पण खट्टू लहान मुलानं व्हायचं, साठीच्या माणसानं नाही. हिरमुसायला कोणीतरी आधी नाही म्हणावं लागतं. विषण्ण फक्त पुस्तकात होतात. आणि 'मी दुःखी आहे' असं मी जन्मात कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. भाजीवाल्याशी, जावेशी, शेजारणीशी कोणी असं बोलतं का? आपण म्हणतो, नको झालंय. वैताग आलाय. कशातच लक्ष नाही. माणूस 'मी'पासून सुरुवातच करत नाही.

पहिला खर्डा झाल्यावर तो दोन-चार जणांना वाचून दाखवायचा होता. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक आजी राहतात. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन पूर्वी त्यांचीच होती. मी त्यांच्या ओसरीवर जाऊन पहिला प्रश्न वाचला, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हांला दुःखी वाटलं का?" आजी दचकल्याच. म्हणाल्या, "आवं, दुख कशाचं? कोन गेलंय का?" मग जरा वेळानं आपणहून म्हणाल्या, "समदं हाय. पोरानं बंगला बांधला, दारात गाडी हाय. पन करमत न्हाई बगा. सकाळच्याला उठून जायाचं कुठं? वावरच न्हाई."

मी परत येऊन पहिला प्रश्न खोडला नाही, पण त्याच्या खाली नवा घातला: 'तुम्हांला करमत नाही, असं होतं का?' बाकीचेही बरेचसे प्रश्न रोजच्या बोलण्यातले केले. एका प्रश्नात वर्थलेस हा शब्द होता. त्याला आधी मी 'कवडीमोल' लिहिलं होतं, ते नाटकी वाटलं. 'निरुपयोगी' हे सरकारी वाटलं. मग लिहिता लिहिता चटकन सुचलं, 'घरात आपली अडगळ झाली आहे, असं वाटतं का?' वाचून मलाच बरं वाटलं. मराठी माणूस असंच म्हणेल. शेवटचा प्रश्न जगणं नकोसं होतं का, असा होता. तो मी फार हलक्या हातानं लिहिला.

पुढचा टप्पा उलट्या भाषांतराचा. ही त्या लोकांची शिस्तच असते. मराठी झालं की ते तिसऱ्याच माणसाला द्यायचं. त्यानं मूळ इंग्रजी पाहिलेलं नसावं. त्यानं मराठीवरून पुन्हा इंग्रजी करायचं आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून कुठे काय निसटलं ते पाहायचं. या दोन भाषांतरकारांनी आपसांत बोलायचं नाही. माझी ही डॉक्टरीण विद्यार्थिनी म्हणाली, "डॉक्टर नको, शिक्षक नको. इंग्रजी पक्कं असलेला साधा माणूस हवाय."

मी म्हटलं, "आमच्या घरात एक आहेत. जन्मभर इंग्रजीत टिपणं लिहिली. रिकामेच बसलेत."

"पण एकाच घरातले... तुम्ही बोलाल ना त्यावर."

"त्याची काळजी करू नकोस," मी म्हटलं. "आम्ही तसंही फारसं बोलत नाही."

ती हसली. मीही हसले. आता ते आठवलं की कसंसंच होतं.

पाकीट बंद करून तिनं यांच्याकडे थेट पाठवलं. यांनी चष्मा पुसला, टेबल खिडकीपाशी ओढलं, खडकीच्या काळातली पट्टी काढली आणि कामाला बसले. चार दिवस खुर्ची रिकामी होती. मी चहा नेऊन ठेवला की कागदावर हात ठेवायचे, परीक्षेत मुली ठेवतात तसा. मला हसू यायचं. म्हटलं, चला, कंटाळा तरी गेला. पाचव्या दिवशी पाकीट पुन्हा बंद करून, वर डिंक लावून त्यांनी स्वतः पोस्टात टाकलं आणि परत येऊन खुर्चीत बसले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरणीनं मला बोलावलं. म्हणाली, निवांत या.

तिनं यांचं इंग्रजी माझ्यापुढे ठेवलं. ते वळणदार अक्षर, प्रत्येक प्रश्नाला क्रमांक, समासात टिपा. मी वाचत गेले आणि थक्क झाले. माझ्या 'दुःखी'ला यांनी ग्रीव्ह्ड लिहिलं होतं आणि समासात टीप: 'कोणी वारलं असेल तरच.' 'खिन्न'ला ग्लूमी, टीप: 'हवेलाही म्हणतात. बोलण्यात नाही.' 'करमत नाही'पुढे मात्र शब्दच नव्हता. नुसती आडवी रेघ होती आणि इंग्रजीत दोन ओळी, त्यांचा अर्थ असा: 'याला नेमका इंग्रजी शब्द मिळाला नाही. माणूस, जागा किंवा काम यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. तिन्ही गेली तरी आपण हेच म्हणतो.'

हा माणूस माझ्याशी चाळीस वर्षांत इतकं बोलला नव्हता.

"आता हा प्रश्न पाहा," डॉक्टरीण म्हणाली. माझा अडगळीचा प्रश्न होता. "मुळात वर्थलेस आहे. काकांनी परत आणलंय ते 'इन द वे'. फरक आहे, बाई. वर्थलेस माणूस स्वतःला ठरवतो, मी कवडीचाही नाही असं. त्याला दुसरं कोणी लागत नाही. पण इन द वे व्हायला दुसरं माणूस लागतं. ज्याच्या वाटेत आपण येतो, असं."

मी मास्तरकीनं विचारलं, "मग कुणाचं चुकलं? त्यांचं की माझं?"

"भाषांतर दोघांचंही बरोबर आहे," ती म्हणाली. मग तिनं ड्रॉवरमधून माझी मराठी प्रश्नावली काढली, यांना पाठवलेली प्रत. "काकांनी भाषांतर वेगळ्या कागदावर केलं. पण हाही भरून पाठवलाय."

मूळचे बावीस आणि माझा वाढवलेला एक, तेविसाच्या तेवीस प्रश्नांपुढे खुणा होत्या. पट्टी धरून काढाव्यात अशा सरळ.

मला आधी हसूच आलं. कारखान्यातला कारकून, छापील फॉर्म हातात आला की भरल्याशिवाय राहणार कसा! "अहो, सवयीनं केलंय त्यांनी," मी म्हटलं. विद्यार्थिनीला मी अहो म्हणाले, इतकी मी गडबडले होते.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मी त्यांना फोन केला. म्हटलं, काका, हे चुकून झालं असेल तर फाडून टाकते. ते म्हणाले, चुकून नाही. मग मी विचारलं, हे मी कोणाला दाखवू का? तर म्हणाले, बायकोला दाखवा."

मी कागद ओढून घेतला. दुःखी: कधीच नाही. रडू येतं: कधीच नाही. करमत नाही: रोज. सकाळी उठावंसं वाटत नाही: रोज. आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही: रोज. अडगळ: रोज. शेवटचा प्रश्न, जगणं नकोसं होतं का: कधीच नाही. तेवढं वाचून मी श्वास सोडला.

आणि मग तो अडगळ शब्द मला इतक्या चटकन कुठून सुचला होता ते आठवलं. दिवाळीच्या आधी मी हॉल झाडत होते. ते खुर्चीतून उठायला वेळ लावत होते. मी म्हणाले होते, "उठा हो जरा, निम्मी खोली तुम्हीच अडवलीय. नुसती अडगळ." ते उठले होते आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले होते. मी खुर्चीखालून केर काढला आणि विसरून गेले. मला लाज वाटली. तिथे, माझ्याच विद्यार्थिनीसमोर, मला रडू आलं, आणि हे काही सॅड नव्हतं आणि अनहॅपीही नव्हतं. मी एका माणसाला वर्षानुवर्षं ओरडून उपाय सांगत होते आणि तो काय सहन करतोय हे मला छापील कागदावरून समजत होतं.

डॉक्टरीण म्हणाली, "हे औषधानं आणि बोलण्यानं बरं होतं, बाई. त्यांना घेऊन या. ओरडू नका फक्त."

परतीच्या बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळेना. इंग्रजीत सॉरी म्हणून माणूस मोकळा होतो. आमच्या पिढीत नवऱ्याची माफी मागायची म्हणजे काय म्हणायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

दार उघडलं तर ते खुर्चीत. मी चपलाही काढल्या नाहीत. स्टूल ओढलं आणि समोर बसले.

"तुम्हांला अडगळ म्हणाले मी. माझं चुकलं. फार चुकलं."

त्यांनी मांडीवरचा पेपर बाजूला ठेवला. म्हणाले, "तू खुर्चीला म्हणाली असशील असं मी धरून चाललो होतो."

"नाही. तुम्हांलाच म्हणाले."

"हं," ते म्हणाले. "मला वाटलंच."

"इतकं सगळं होतंय तर मला का नाही सांगितलंत? त्या कागदाला सांगितलंत!"

आवाज चढलाच माझा. त्यांनी शांतपणे सांगितलं, "कागदानं विचारलं. तू विचारलं नव्हतंस. तू सांगत होतीस."

मी पर्समधून माझी प्रत काढली आणि पहिल्या प्रश्नापासून वाचायला सुरुवात केली, हळू, एकेक. प्रत्येक प्रश्नाला ते थांबत, विचार करत आणि बोलत. चौकटीत मावणार नाही इतकं बोलत. ओट्यावरचे चौघे, त्यातले दोघे आता नाहीत. भांडारातला किल्ल्यांचा जुडगा, जो शेवटच्या दिवशी सही घेऊन परत द्यावा लागला. धायरीच्या खिडकीतून दिसणाऱ्या बिल्डिंगा, ज्यांतल्या एकाही माणसाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मी मध्ये एकदाही बोलले नाही. मला ते फार जड गेलं, पण नाही बोलले.

शेवटच्या प्रश्नाशी आलो. तो वाचायची गरज नाही, असं मला वाटलं. उत्तर मी पाहिलेलंच होतं. तरी वाचला.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तिथे मी खोटी खूण केलीय."

मी त्यांचा हात धरला. आमच्यात ती पद्धत नव्हती. त्यांनी काढून घेतला नाही.

"उद्या आपण दोघं तिच्याकडे जायचं," मी म्हटलं. "नऊची बस आहे."

"साडेआठची घेऊ," ते म्हणाले. "नऊच्या बसला बसायला मिळत नाही."